न वापरल्याचे कारण

नव्या परिपत्रकानुसार
फेंटानिलचे वापरलेले पॅचही मोजून परत घ्यायचे.
लाल शाई, दोन सह्या.

रास्ता पेठेतलं माझं दुकान.
उंब्रजकर बाई दर पंधरवड्याला कात्रजहून येत,
पीएमटीचं तिकीट नि पॅच एकाच पाकिटात.
"ह्यांना लागते झोप," एवढंच बोलत.

मध्ये कुठल्याशा गोदामावर छापा पडला
आणि महिनाभर माल अडला.
मी त्यांना कलम वाचून दाखवलं,
मोठ्याने,
जणू त्यांना ऐकू कमी येतं.

आज पाच आणलेत:
तीन चुरगळलेले, दोन सीलबंद.
वहीत रकाना आहे, न वापरल्याचे कारण.
मी पेन पुढे करतो.
बाई सही करतात तेवढी,
मग पर्स उघडून:
"तुमचे मागचे बारा रुपये राहिलेत."