झाकण

नऊ वर्षं कवलापूर ते कुपवाड एमआयडीसी,
सातची पाळी,
आणि एकदाही पडलो नाही
हे मी लग्नाकार्यात सांगायचो,
कुणी विचारलेलं नसताना.

बुधगावच्या अलीकडं, जिथं वळणसुद्धा नाही,
रात्रीच्या ट्रॉलीतून सांडलेला ऊस
चाकांखाली चेचून चेचून
डांबरावर ओला लगदा झाला होता.
मी ब्रेक दाबला की नाही,
याची माझ्याकडं आजही दोन उत्तरं आहेत.
एक विम्यासाठी.

आयुष्य डोळ्यांपुढून जातं म्हणे अशा वेळी.
माझ्या डोळ्यांपुढून डबा गेला.
हँडलची पिशवी सोडून
माझ्याही पुढं, घरंगळत,
मटकीची उसळ मागं टाकत,
जणू पाळीला उशीर त्यालाच होत होता.

गाडी आडवी, तरी चालूच.
मागचं चाक हवेत फिरत होतं.
इलाही मुजावर (नाव नंतर कळलं)
दुधाची कॅनं रस्त्याकडेला सोडून पळत आला,
आधी चावी फिरवली, मग माझ्याकडं बघितलं.
"उठू नका. बोटं हलवा बघू."
मी हाताची हलवली.
"पायाची ओ."
बुटात हलवली.
"हालली?"
"हालली."
दिसत दोघांनाही नव्हती.

त्रिशलाला फोनवर म्हणालो, जरा घसरलं.
ती म्हणाली, कोण?

गळ्याजवळचं हाड, सहा आठवडे.
बघायला येणारा प्रत्येकजण केळी
आणि स्वतःचा एक अपघात घेऊन आला.
माझ्यापेक्षा मोठेच होते सगळ्यांचे.
सुपरवायझरचा फोन आला,
मशीनवर दुसरा लावलाय, अजिबात काळजी करू नका.
तेव्हापासून काळजी लागली.

भीती त्या दिवशी आलीच नव्हती.
पत्ता शोधत शोधत
पंधराव्या दिवशी दुपारी घरात आली.
त्रिशला मोरीत परात घासत होती, राखेनं,
आणि मी दाराची चौकट धरून उभा.
हेल्मेट डांबरावरून गेलं तेव्हा
आतून असाच आवाज आला होता.
"काय झालं?" तिनं विचारलं.
"काही नाही. दुसऱ्या कशानं घास."

मग ती स्कूटरवरून मला पट्टी बदलायला न्यायची.
मी मागं, एक हात गळ्यात,
आणि उजवा पाय हवेत
नसलेला ब्रेक दाबत.
माधवनगरपर्यंत पोटरी भरून यायची.
"तुम्ही चालवताय का मी?"
खरं तर दोघंही चालवत होतो.

आता पुन्हा जातो. टाकीवरची पोचट तशीच ठेवलीय,
फिटर म्हणाला काढतो, मी म्हणालो असू दे,
पैसे वाचवले, दुसरं काही नाही.
त्या जागी दुसऱ्या गिअरवर येतो.
मागचे हॉर्न देतात. देऊ देत.

परवा तिथल्या टपरीवर थांबलो, पहिल्यांदाच.
चहावालीनं दुधाच्या पातेल्यावर
एक स्टीलचं झाकण ठेवलं होतं,
लहान पडणारं, कडेला चेपलेलं,
आणि त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं
माझ्या सासऱ्यांचं नाव, लग्नाची तारीख.
एका बाजूनं वाफ जात होती.

मी बघतोय म्हटल्यावर ती म्हणाली,
"हितं पडलेला एक गाडीवाला. त्याचं आसंल.
मेला म्हणत्यात बिचारा."

मी बिस्कीट जास्त वेळ बुडवलं,
ते तुटून तळाशी गेलं.
"कधी?" मी विचारलं.
"झालं की दोन म्हयनं."
तिनं झाकण उचललं, माझ्या कपात
न मागता अजून थोडा ओतला,
झाकण परत ठेवलं.

घरी डब्यावर हल्ली ताटली असते,
रुमालानं बांधलेली. उसळ थोडी सांडते.
त्रिशलाला झाकणाचं सांगितलेलं नाही.
चहाचे दहा दिले, हेल्मेट घातलं,
आणि किक मारताना पायाची बोटं
बुटात एकदा हलवून बघितली.