आखूड धागा

एकतीस वर्षं मी जिनिंगमध्ये धागा मोजला.
चिमूट उचलायची, दोन अंगठ्यांत धरून ताणायची,
तुटली की तुकडा काळ्या पट्टीवर निजवायचा.
एकोणतीसच्या वर गेला तर मान हलवायची,
बावीसच्या खाली असला
तर गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

त्यामुळे धरणगावात, बाजारामागं,
जैतूनबी पिंजारीच्या टपरीत
रजई भरायला गेलो तो ऐटीतच.

तीन पोती उघडी.
एकात सुरतेचा फायबर, हात घातला तरी हाताला काही कळेना.
एकात नवी रुई, लांब, दुधाळ, माझ्या सहीची.
आणि कोपऱ्यात पिवळट, पत्तीचे कण अडकलेली,
सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा पाड्यावरची देशी,
जी मी गेटच्या आत घेतली नसती.

मी दुधाळ पोत्यावर हात ठेवला.
जैतूनबीनं मशीन बंद केलं.
"हाई सूतले चांगली शे, भाऊ. नीजले नही."
लांब धागा धाग्याला शोधत जातो, म्हणाली,
दोन हिवाळ्यांत पोटात गोळे,
मध्ये नुसतं कापड,
थंडी तिथूनच शिरते.
आखूडाला कुठं जायचं नसतं.
उन्हात टाकला की पुन्हा फुगतो.

मग विचारलं, अंगावर कोण घेणार?
एवढ्या गाठी बांधल्या,
हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
कोकिळा, म्हणालो. पावलं गार पडतात तिची,
मोज्यांतसुद्धा. माझ्या पोटऱ्यांना लावून झोपते.
आणि जड झालं की लाथाडते.
"मंग दीड किलो. पायकडे पावशेर जास्ती."

मी चिमूट उचलली. सवय.
नखापाशीच तुटली.
उरलेली मुठीत दाबली, मूठ उघडली,
तर ती तळहातावर हळूहळू उठून बसली,
मी परत पाठवलेल्या
एखाद्या गाडीवाल्यासारखी.

काल रात्री कोकिळा अंधारात म्हणाली,
अहो, इथं कोपराशी सरकी राहिलीये एक.
दिवा लावू? टाका उसवून काढू?
ती कापडावरूनच चाचपत राहिली,
बोटांत फिरवत, बराच वेळ.
राहू द्या, म्हणाली,
आणि पाय माझ्याकडे न आणताच झोपली.

माझ्या पोटऱ्या तेवढ्या
उशिरापर्यंत जाग्या होत्या.