चव्वेचाळिसावा घाणा

मंगळवारी सकाळी कत्तलखान्याचा डबा येतो.
बर्फावर चाळीस डोळे, डुकरांचे,
चाळीस दिशांना पाहणारे.
हेल्वे मोजते, सही करते.
ड्रायव्हर दर वेळी विचारतो, कॉफी आहे का,
आणि डब्याकडे पाठ करून पितो.

तार्तूत फेब्रुवारीत आठ वाजले तरी उजाडत नाही.

डोळ्याच्या पोटात असतं ते जवळजवळ पाणीच,
शंभरात अठ्ठ्याण्णव भाग.
उरलेल्या दोन भागांच्या जिवावर
ते पाणी उभं राहतं.
चमच्यात घेतलं तर लगेच ओघळत नाही,
जरा विचार करतं.
जन्माआधी एकदा भरलेलं;
सांडलं तर शरीर पुन्हा भरत नाही.

म्हणून हे घाणे.
एकेचाळिसावा गढूळ निघाला, तांदळाच्या धुवणासारखा.
बेचाळिसावा सुईतच थिजला.
त्रेचाळिसावा इतका नितळ
की हेल्वेनं नळी रिकामी समजून धुवायला टाकली होती.
तो सशाच्या डोळ्यात गेला
आणि तिसऱ्या दिवशी फुगला.
त्या सशाबद्दल वहीत एकच ओळ आहे.

उलो म्हणतो, सुईतून जाताना पाणी हवं,
आत पोचल्यावर डोळा.
त्याला वाटतं ही व्याख्या आहे.
हेल्वेला वाटतं, हा हट्ट आहे.

पेइप्सी तळ्याकाठचा येवफीमी, कांदे पिकवणारा,
त्याचा पडदा सुटला ऐन काढणीत.
आधी वायू भरला: दोन आठवडे पालथं झोपून
त्यानं फरशीच्या भेगा पाठ केल्या.
मग तेल.
आता तीन महिने झाले,
माणूस खरोखर डोळ्यात तेल घालून बसलाय
आणि त्याला सूनसुद्धा बुरख्यातल्यासारखी दिसते.
तेलही काढावं लागणार आहे. मग आत काय?

तो दवाखान्यातून जिना चढून प्रयोगशाळेत आला,
टोपी हातात.
ते बघायला मिळेल का, म्हणाला.
हेल्वेनं नळी उजेडाशी धरली.
त्यात काहीच नव्हतं; म्हणजे चव्वेचाळिसावा होता.
दोघं बराच वेळ त्यातून खिडकी पाहत राहिले,
खिडकीत बर्फ, बर्फावर एक लाल सायकल.

यानं रडू येतं का?
आसवं दुसरीकडून येतात, ती म्हणाली.
बरं झालं. कांदे आहेत माझे.

अजून वर्षं लागतील, हे तिनं सांगितलं.
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी सतरा नंबरच्या सशापुढे
तिनं बॅटरी डावीकडून उजवीकडे नेली.
डावा डोळा त्याचा स्वतःचा.
उजव्यात तिचा.
उजेड उजव्या बाजूला गेला, आणि
कान आधी वळला, मग मान.
कानामुळे की डोळ्यामुळे?
बॅटरीचं बटण वाजतं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

वहीत लिहिलं: नितळ. दिवस नववा.
मान वळली. पुन्हा पाहणे, आवाज न करता.