केवळ

सेलूत मोंढ्याच्या मागं, फ्लेक्सच्या दुकानावरची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, तरी जिनिंगचा भोंगा
दोन वाजता आत येतोच, न विचारता,
आणि माझ्या ट्रॅकवर एक जाड हिरवा सुरवंट सोडून जातो.

पहिला महिना नुसती टक टक.
कापलं की टक, जोडलं की टक.
लिंबाजीकाकांनी पाटीवर लिहिलं,
श्वास संपला की काप. शब्द संपला की नाही.
मग झूम करून पाहिलं तर खरंच,
श्वासाच्या शेवटी लाट मधल्या रेघेवर आडवी होते,
तिथं कात्री लावली तर तिला कळतही नाही.

तीस वर्षं हा माणूस ऑटोच्या दोन भोंग्यांतून बोलला.
नळाचं पाणी, हरवलेली म्हैस, पोलिओचा डोस,
कुणाची माती कधी, साड्यांचा सेल कुठं.
नांदेडला घसा काढला त्यांचा.
आता गळ्यात एक भोक, त्यावर धुतलेला रुमाल,
आणि आवाज माझ्याकडं,
एकशे चाळीस कॅसेटी, एका हार्ड डिस्कमध्ये.

गावाला अजून तेच बोलतात.
‘उद्या’ दोन हजार सहाचा, ‘पाणी’ त्याच्या आधीचं,
‘येणार नाही’ तर कितीही सापडतं.
जुना मंगळवार खरखरीत, नवा गुळगुळीत,
दोघं शेजारी बसायला तयार होत नाहीत.
मी आधी खरखर पुसायला गेले,
तर काका रांजणातून बोलल्यासारखे.
शेवटी उलटं केलं.
सगळ्यांच्या खाली एकच खरखर अंथरली, सतरंजीसारखी.
बसले मग नीट, मांडीला मांडी लावून.

परवा त्यांनी पाटी पुढं केली.
केवळा.
कोण? मी म्हणलं.
पुसलं. लिहिलं, घरची.
आणि खाली बारीक अक्षरात,
कधी नावानं हाक मारली नाही.
अगं, ऐकलं का, नाहीतर नुसतं खाकरणं,
एवढ्यावर संसार झाला त्यांचा.

शोधलं. आणि हसूच आलं.
केवळ नव्व्याण्णव रुपयांत. केवळ तीन दिवस.
केवळ आपल्या सेलूकरांसाठी.
दोनशे बारा वेळा.
भर बाजारात, स्टँडवर, तिच्या दारावरनंसुद्धा
तिचंच नाव पुकारत गेला हा माणूस,
शेवटचा काना तेवढा गिळून.

पण सगळे ‘केवळ’ चढे. गिऱ्हाइकाला ओढणारे.
एकच सापडला उतरता,
त्या दिवशी ऑटोची बॅटरी बसली होती.
त्याचा ‘केव’ घेतला.
‘ळा’ घेतला जिल्हा परिषदेच्या शाळेतला.
मध्ये अकरा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड,
एकाचं ओसरणं दुसऱ्याच्या भरण्यावर.
चार तास लागले. दोन अक्षरं आणि एक काना.

हेडफोन लावून काकांनी डोळे मिटले,
हात सरळ फेडरवर.
खाली ओढला. अजून खाली.
पाटीवर, घर हाय. मोंढा न्हाई.
मी भोंग्याची धार काढली, घुमणं काढलं.
अजून, बोटानं खूण.
काटा हलायचा थांबला
तेव्हा मान डोलावली.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या, डबा आला.
मी गडबडीत हेडफोनची पिन उपटली,
स्पीकरमधून, अगदी हळू,
केवळा.

मावशीनं डबा टेबलावर टेकवला.
‘आता आणि कशाचा सेल निघाला गं?’

काकांचे खांदे हलायला लागले,
रुमालाखालून नुसती हवा, फस फस,
आणि माईक चालू राहिलेला, पडद्यावर
एक बारीक, थरथरती पट्टी.

मावशी भाकरीचं फडकं सोडत होती. गाठ सुटेना.
‘परत लाव बरं एकदा,’ खालीच बघून म्हणाली,
‘किती रुपयाला, ते ऐकूच नाही आलं.’