तळ्याची जबानी

चार हजार तीनशे मीटर उंचीवरच्या शाळेत
युलोहिया क्कावाना बाईंनी
तिसरीच्या वर्गाला निबंध घातला:
मी किल्याकोचा तळं बोलतंय.

(मीही लिहिलाय असला.
'मी फाटकी छत्री बोलतेय', दहापैकी सहा.
शेरा: कल्पना बरी, शुद्धलेखन सुधारा.
छत्रीला कुणी विचारलं नव्हतं.)

परवा सुनावणी, खाली, प्रांताच्या गावी.
तांब्याच्या कंपनीला तळं हवंय,
म्हणजे तळ्याखालचं.
पाण्याची सोय दुसरीकडे करू, म्हणालेत,
भाडेकरूला म्हणावं तसं.
न्यायाधीशांनी तळ्याला पक्षकार करून घेतलं खरं,
पण पक्षकाराची जबानी लागते.
लेखी. दोन प्रतींत.

बाई रात्रभर बसल्या कागद पुढ्यात घेऊन.
चुलीत अल्पाकाच्या वाळल्या लेंड्या,
धूर, आणि पहिलाच शब्द अडलेला.
त्यांच्या भाषेत 'आम्ही' दोन असतात.
न्योकाय्कु: आम्ही, तुम्ही सोडून.
न्योकान्चिस: आपण, तुम्हीसुद्धा.
कारकून एबेर्त पालोमिनो म्हणाला होता,
स्पॅनिशमध्ये एकच आहे, बाई, तो टाका.

मला हसू आलं, मग विरलं.
आमच्याकडेही आहेत की हे दोन.
'आम्ही जेवलो' म्हटलं की दार लागतं,
'आपण जेवू' म्हटलं की आणखी एक पाट मांडला जातो.
आणि तळं आमच्यात 'ते'.
मूलही 'ते'च.

तर तळं काय म्हणेल?
त्याच्या 'आपण'मध्ये कोणकोण:
काळी पाणकोंबडी, पायांना शेवाळ,
काठचं इचु गवत, जुलैतलं पहाटेचं बर्फ,
कातडीनं श्वास घेणारा बेडूक,
युलोहियाच्या आईनं धुतलेली लोकर,
आणि ड्रिलिंगवाला तो पोरगा,
आरेकिपाचा, थंडीनं ओठ फुटलेला?
तोही?
दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं वाईट,
हे बाई तिसरीलाच शिकवतात.
पण तोंड नाही म्हणून ज्याची तारीख चुकते
त्याचं काय, हे पुस्तकात नव्हतं.

सकाळी वह्या तपासल्या.
यानेथ: बदकं पोहतात तेव्हा मला गुदगुल्या होतात.
रुपेर्तो: मी कुणाचंच नाही, पण माझ्याकडे या.
मार्लेनीनं तिच्या मेलेल्या काकाबद्दलच लिहिलं,
तळ्याला विसरून गेली. बाईंनी ते खोडलं नाही.
आणि विल्बेरनं कोरं पान आणलं,
ओलं करून वाळवलेलं, सुरकुतलेलं,
एका कोपऱ्यात चिकटलेलं काहीतरी हिरवं.
बाई, मी नाही लिहिलं, म्हणाला,
त्यालाच दिलं लिहायला.

बाईंनी वह्याच नेल्या. सगळ्या.
स्वतःची जबानी चुलीत गेली, दोन्ही प्रती.

कंपनीचा वकील हसला, वाईट नव्हता तो,
विल्बेरचं पान उजेडाकडे धरून बघत राहिला
लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
एबेर्त पालोमिनोनं वाचायला घेतलं,
स्पॅनिशमध्ये सुरुवात केली,
रुपेर्तोच्या ओळीपाशी अडखळला
आणि आजीच्या भाषेत शिरला,
जी कचेरीत आपल्याला येत नाही असं तो सांगत असे.
मग खोकला. पाणी मागितलं.

कोऱ्या पानावर शिक्का मारला तर शाई पसरली.
दस्त क्रमांक एकोणीस, मजकूर अवाच्य.

निकाल नाही. पुढची तारीख सव्वीस.

परतीच्या ट्रकमध्ये विल्बेरनं विचारलं,
हे त्याला कोण सांगणार?
कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा वळणावर उतरला,
काठावर जाऊन ओरडला: सव्वीस! सकाळी दहा!

बेडूक थांबले.
बाई वह्या छातीशी धरून वाट बघत उभ्या राहिल्या,
थोडं जास्तच.