सुट्या चुका

तेमुकोहून किलांतू पूर्वी साडेतीन तास.
आता पंचावन्न मिनिटं, आणि तीही
वाटेत ओंडक्यांचा ट्रक पुढे रेंगाळला तर.
रस्ता झाला त्या दिवशी शाळेच्या पोरांनी झेंडे हलवले,
पाद्र्यानं डांबरावर पाणी शिंपडलं,
ओर्तेन्सिया कुरिनाओनं अर्धा दिवस दुकान बंद ठेवून
भोपळ्याच्या पुऱ्या तळून वाटल्या.
हे मला तिच्या वहीतून कळलं.
मी तिचे हिशेब लिहितो, वर्षातून चारदा जातो.
खर्चाच्या बाजूला : पीठ, भोपळा, तेल.
शेरा : रस्त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ.

पुढची पानं उलटताना मी बोलत नाही.
पत्रे : विक्री नाही.
सिमेंट : एक गोणी, फाटकी, निम्म्या दरानं.
रंगाचे डबे तळाशी दगड झालेत.
गिऱ्हाइकं तीच, नावंही तीच,
फक्त शनिवारी सकाळी दारावरून पुढे जातात
आणि संध्याकाळी ताडपत्रीखाली काहीतरी झाकून परततात.
तिचा सख्खा भाचा एलिसेओसुद्धा.
हात मात्र सगळे करतात, हॉर्नही वाजवतात.
"झाकतात म्हणजे लाज आहे," ती म्हणते.
"लाज आहे तोवर उधारी बुडत नाही."

आमच्या ऑफिसात नकाशावर शहराभोवती वर्तुळं काढलीत,
पाण्यात खडा टाकल्यासारखी.
अगदी लगतची दुकानं शहराबरोबर वाढतात,
फार लांबची तगतात, कारण तिथली माणसं जाणार कुठे?
मधल्या वर्तुळाला साहेब सावली म्हणतात
आणि पेन्सिलीनं ते हलकेच भरतात.
मी त्या सावलीत दर तिमाहीला जेवतो.
मेंढीचा रस्सा असतो, त्यात अख्खा बटाटा,
चुलीत ओलं लाकूड धुमसत असतं,
डोळे चुरचुरतात, आकडे पुसट दिसतात. बरंच आहे.

यंदा वहीत नवी ओळ होती.
खरेदी : तेमुको, मॉल. चुकांची पाकिटं. रोख.
"आमच्या ठोकवाल्यापेक्षा स्वस्त पडतात," ती म्हणाली.
"मीही शनिवारीच जाते. ताडपत्री घेऊन."
पाकीट फोडून ती चुका सुट्या विकते,
दोन, पाच, कधी एकच.
रात्री दहाला कुणाची बिजागरी निखळते,
वाऱ्यात पत्रा फडफडू लागतो,
परवा दोन मोहियाच्या बापाच्या पेटीचं झाकण बसेना
आणि माणसं उघड्या डोक्यानं अंगणात खोळंबली होती.
चार चुकांसाठी पंचावन्न मिनिटं कोण जाईल?
त्या चारांचे तिनं पैसे घेतले नाहीत.
वहीत तेही आहे.

"तोटा?" तिनं विचारलं.
"तोटाच. पण गेल्या वर्षीपेक्षा लहान."
तिनं मान हलवली, मग माझ्या पायाकडे बघितलं.
उजव्या बुटाची टाच केव्हाची जीभ काढून बसलेली.
बूट काढायला लावला, उपडा धरला,
दातांत धरलेल्या चुका एकेक करून ठोकल्या.
"शहरातून आलात आणि तिथे कुणाला दिसलं नाही?"
मी पाकीट काढलं. सूट मिळाली नाही.
मग वही ओढून, शाईनं, जमेच्या बाजूला लिहिलं :
चुका, दोन.