संतोषाधिक्य

मंगळवार-गुरुवार, साडेसहा ते सव्वानऊ.
टोलिडोत तोवर अंधाराला दोन तास झालेले असतात
आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये टाकलेलं मीठ
बुटांखाली करकर वाजतं.
खोली दोनशे चौदा. हीटर एकाच बाजूचा चालतो,
म्हणून आम्ही सतराजण खिडकीकडे दाटीनं बसतो.
पहिल्याच दिवशी ओल्झाकबाई म्हणाल्या,
"ऊब कमी, माणसं जास्त.
चला, अभ्यासक्रम सुरू झाला."

वय सत्तेचाळीस. वर्गात मी वयानं दुसरी.
पहिला लेरॉय, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला,
प्रत्येक प्रश्नाला हात वर करतो
आणि उत्तराऐवजी एका जुन्या संपाची गोष्ट सांगतो.

मला यातलं बरंचसं येतं, हीच अडचण.
कराडला अकरावी कॉमर्सला आवटी सरांनी
हीच रेघ खडूनं ओढली होती, डावीकडून उजवीकडे उतरती,
आणि म्हणाले होते, लिहून घ्या:
इतर परिस्थिती कायम असताना.
दोन मार्कांसाठी आम्ही ते घोकलं.
त्यानंतर इतर परिस्थिती
एकदाही कायम राहिली नाही.

आता बाई इलॅस्टिसिटी म्हणतात,
मला आधी लवचिकता आठवते,
मग परकराची नाडी, मग इलॅस्टिक,
आणि तोवर त्या पुढच्या स्लाइडवर.

बाकीचे दिवस मी सुपरमार्केटच्या बेकरीत असते.
रात्री आठला शिळ्या होऊ घातलेल्या केकांवर
पिवळी स्टिकरं लावायची, निम्मी किंमत.
हिरव्या कोटातली एक बाई पावणेआठपासून
रिकामी ट्रॉली घेऊन पावांपाशी रेंगाळते,
माझ्या हाताकडे न बघितल्यासारखं करते.
तिला मागणीचा नियम कुणी शिकवला नसणार.
कधीकधी मी घड्याळ पाच मिनिटं पुढे धरते.

नवव्या आठवड्यात बाईंनी त्रिकोण काढला.
तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायला तयार होता,
त्यातून वजा, खरोखर किती दिलेत.
उरलं ते तुमचं.
माझ्या तोंडून आपोआप गेलं: संतोषाधिक्य.
पाच अक्षरं, शेवटी जोडाक्षर,
तीस वर्षं कुठल्या खणात पडलं होतं कोण जाणे.
लेरॉयनं हात वर केला.
"हा त्रिकोण असतो कुठे? माझ्या खात्यात तर कधी आला नाही."
सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "कुठेच नसतो. म्हणूनच रंगवायचा."

त्याच रात्री माझी गाडी सुरू होईना.
शून्याखाली सात. किल्ली फिरवली की नुसतं टक्, टक्.
लॉटमध्ये दोनच गाड्या, दुसरी लेरॉयचा ट्रक.
त्यानं न विचारता केबल काढल्या,
लाल लालला, काळी इंजिनाच्या लोखंडाला,
आणि म्हणाला, आत बस, दहा मिनिटं लागतील.
मी मनात हिशेब करत होते:
टो-ट्रकला नव्वद तरी. त्या क्षणी मी एकशेवीसही दिले असते,
वर हातातलं घड्याळ.
"किती देऊ?"
तो म्हणाला, "सहावा प्रश्न समजावून दे."

मग ट्रकच्या काचेवर साचलेल्या वाफेत
मी बोटानं दोन अक्ष काढले, एक उतरती रेघ, एक आडवी.
त्यानं तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.
संटो, म्हणाला, संटोशा,
आणि पुढे जिभेनं नाद सोडला.
काच पुसायची वेळ आली तेव्हा
त्रिकोणाचा एक कोपरा ओघळून
वायपरपर्यंत गेला होता.

परीक्षेत त्यानं सहाव्या प्रश्नाखाली
संपाची गोष्ट लिहिली, पूर्ण पान.
माझंही चुकलं.
पाया गुणिले उंची, इथवर बरोबर.
समासात बाईंचा लाल शेरा:
"निम्मं करायचं राहिलं."

पेपर खाडाखोडीसाठी परत मिळाला होता.
मी पेन्सिल हातात घेतली,
मग उत्तर तसंच ठेवलं.